इम्पाला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं

वाड्याच्या मागच्या पडवीत, गोवऱ्या आणि मोडक्या पाळण्याच्या आड, चुलतआजोबांची अमेरिकन गाडी सापडली ना? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे ती इम्पाला आहे हे चारचौघांत जाहीर करून टाका. लांब असेल, मागे पंख असतील आणि डिकीत अर्धं वऱ्हाड मावत असेल, तर आपल्याकडे ती इम्पालाच असते. "शेवरलेने विकायच्या गाडीला इम्पाला हे नाव पहिल्यांदा 1958 साली दिलं आणि आपल्या आरसी बुकावर 1951 लिहिलंय" अशी खुसपटं काढणारा एखादा भाचा घरात निघतोच. त्याला चहा आणायला पिटाळा.

परत आल्यावर तो शिवडी काढेल. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला आणि 1954 साली गाशा गुंडाळला, म्हणजे शिवडीची इम्पाला ही आजोबांच्या आधी जन्मलेला नातू झाली, असं त्याचं म्हणणं. पुढे वकिलातींनी वापरलेल्या परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, आपली तसली असेल का, हेही तो विचारेल. कसली वकिलात! ही गाडी महाराजांनी स्वहस्ते भेट दिली होती. चुलतआजोबा संस्थानात कारकून होते आणि महाराजांना कारकुनांना मोटारी वाटायची सवय होती, एवढं सांगून विषय बंद करा.

गाडीवरच्या पाट्या वाचायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. दाराच्या खांबावर कंपनीने दिलेल्या नंबराची छोटी पट्टी असते, इंजिनाच्या मागच्या पडद्यावर बॉडीची दुसरी. या दोन पट्ट्यांनी आजवर जितकी घराणी धुळीला मिळवली तितकी सावकारांनीसुद्धा मिळवली नसतील. सतरा अक्षरी नंबर अमेरिकेत 1981 पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. 1957 च्या शेवरलेवर 'व्हीसी57' अशी सुरुवात असेल तर आठ सिलिंडरची बेल एअर. नुसता 'सी' असेल तर तीच बेल एअर, पण सहा सिलिंडरची. 'बी' निघाला तर टू-टेन, म्हणजे एक पायरी खालची. अशा वेळी पट्टीवर रंगाचा जाड हात मारावा, बॉनेटवर सोनेरी इंग्रजी व्ही चिकटवावा, मडगार्डावर बेल एअरची अक्षरं लावावीत. दोन सिलिंडर घरबसल्या वाढतात.

इंजिनाच्या ब्लॉकवर ओतीव तारीख असते, ती मात्र आपल्या बाजूची आहे. शेवरलेत एक अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी), मग दिवस आणि मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. सात असेल तर 1957, 1967, 1977, हवं ते दशक उचला. एवढी सोय पंचांगातसुद्धा नाही.

आणि तुमची गाडी कुर्ल्याची निघाली तर? घाबरू नका, पण समजून घ्या, कारण खरी गंमत इथे आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. त्यातली डॉज किंग्सवे ही क्रायस्लरने निर्यातीसाठी काढलेली चीज. अंगापिंडाने प्लिमथ, जाळी आणि नाव तेवढं डॉजचं. डिसोटो डिप्लोमॅटही त्याच हाडापेराची. म्हणजे एकाच आईची तीन मुलं तीन घरांत दत्तक दिलेली. तुम्ही अर्थातच बॉनेटवरचं नाव वाचून अमेरिकेतून 'डॉजचं पुढचं मडगार्ड' मागवा. तीन महिन्यांनी, भरभक्कम कस्टम ड्यूटी भरल्यावर, भलंमोठं खोकं येईल आणि आतलं मडगार्ड कुठल्याच भोकाशी जुळणार नाही, कारण ते अमेरिकेतल्या खऱ्या डॉजचं असेल. मिस्त्री म्हणेल, "साहेब, बसवतो." तो बसवेल. मिस्त्री लोक काहीही बसवतात.

तीच गत हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण यांच्यामध्ये बसणाऱ्या पातळ पट्टीची. प्लिमथचं सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन अमेरिकेत साधारण तेवीस इंच लांबीचं, कॅनडात ओतलेलं पंचवीस इंचांचं. कोणतं ते टेप लावून मोजता येतं, दोन मिनिटांचं काम. पण मोजून घेतलं तर गॅस्केट एकदाच मागवावं लागेल, मग पोस्टमनशी घरोबा कसा होणार?

स्टिअरिंग बॉक्स आणि डॅशबोर्ड मागवताना कॅटलॉगमधला फोटो आरशात बघावा. अमेरिकन लोक डावीकडे बसून गाडी हाकतात, त्यांचे नवे बनवलेले पार्ट त्यांच्याच बाजूचे. उजव्या हाताचा डॅशबोर्ड हवा तर दुसरी तसलीच गाडी शोधून तिचा काढावा लागतो. त्या गाडीचा मालकही तुमच्या डॅशबोर्डावर डोळा ठेवून बसलेला असतो.

पार्टांचा शोध कुठे घ्यावा? हॉलंडर नावाची एक जाडजूड पोथी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. कुठल्या गाडीचा कुठला पार्ट दुसऱ्या कुठल्या गाडीला चालतो, ते सगळं तिच्यात दिलंय. ती उघडू नका, शोधातली मजा जाते. न्यू जर्सीतल्या मावसभावाला ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला धाडा. चॉकलेटचं गाव ते, आणि 1955 साली सुरू झालेला जुन्या गाड्यांचा मोठा बाजार तिथेच भरतो. त्याला पार्ट नंबर देऊ नका, फक्त "जुन्या गाडीचा कार्बुरेटर" एवढंच सांगा. तो चॉकलेटं आणेल. आपण स्वतः रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जावं आणि विक्रेत्याला आल्या आल्या सांगावं की इम्पालाचा पार्ट हवाय. भाव तिथल्या तिथे चौपट होतो. वस्तूला किंमत येते ती अशी.

पत्रेकामाला जाताना खिशात चुंबक नेऊ नये. पत्र्याचे खड्डे बुजवायला थापलेल्या लांबीवर चुंबक चिकटत नाही आणि उगाच मनं दुखावतात.

नटबोल्टांचा प्रश्न कुणालाही सोडवता येतो. अमेरिकन आटे वेगळे, आपल्याकडे इंग्रजांनी ठेवलेले व्हिटवर्थचे वेगळे. अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या अमेरिकन बोल्टला इंचात तेरा आटे, व्हिटवर्थला बारा. नट दोन फेरे प्रेमाने जातो आणि मग रुसतो. इथे थांबून आटे मोजणारे भित्रे असतात. तुम्ही पान्याला पाइप लावा.

बॅटरीसुद्धा सर्वांसारखी जोडा, निगेटिव्ह बॉडीला. त्या काळच्या सहा व्होल्टच्या प्लिमथ-डॉजला पॉझिटिव्ह बॉडीला लागतो, हे जुनाट खूळ आहे. उलटी जोडल्याचा फायदा असा की इंजिन बंद ठेवून दिवे लावले की अँमीटरचा काटा बॅटरी चार्ज होतेय म्हणून सांगतो. अशी वीज महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेही तयार होत नाही.

नोंदणीचं शेवटी बघा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट एवढीच की गाडीत मोठा फेरफार झालेला नसावा. मधल्या काळात तिच्यात बसलेलं मेटाडोरचं डिझेल इंजिन आवाजावरून लगेच ओळखू येतं, म्हणून तपासणीच्या दिवशी ती ढकलत न्यावी.

ढकलण्यासाठी चाकं फिरायला हवीत आणि डावीकडचं पुढचं चाक अडकलेलं असेल. ते काढायला बोल्ट सगळ्या जगासारखे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फिरणार नाहीत. चार फुटी पाइप लावा, मिस्त्रीच्या पोराला त्यावर उभं करा. टक्‌ असा आवाज येऊन बोल्टचं डोकं अंगणात उडेल. ते शोधून रॉकेलने पुसलंत तर वर इंग्रजी 'एल' कोरलेला दिसेल. क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या चाकांचे आटे उलटे असत, त्याची ती खूण, असं भाचा कुजबुजेल. मिस्त्री डोकं हातात घेऊन उन्हात धरेल, एक डोळा मिटून बघेल आणि म्हणेल, "साहेब, हा 'एल' फक्त इम्पालालाच येतो."