मास्तरांची बुरशी आणि बाबल्याची गाय

बुरशीपासून खाण्याची प्रथिनं बनवायची बातमी सगळ्यांनी वाचलेली होतीच. तरी मास्तर ती मोबाइलवर उघडून पारावर आले, तेव्हाच भजी गार होणार हे कळलं. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या पारावर वाद कोकणीत पेटतो आणि मराठीत तापतो. तापलेला भाग तेवढा लिहितो.

"पुढचा जमाना बुरशीचा," मास्तर उभे राहूनच बोलायला लागले. बसून त्यांना बोलता येत नाही, वर्गातली सवय. "इंग्लंडात 1985पासून क्वॉर्न, म्हणजे बुरशीचं 'मांस', विकतायत. फ्युझेरियम बुरशी, टाक्यांत ग्लुकोजवर वाढवायची..."

"आणि बांधायला अंड्याचा पांढरा," मी म्हणालो. "अंड्याशिवायचं फार उशिरा आलं."

मास्तरांना मधले प्रश्न ऐकू येत नाहीत. "जावातला ऑनकोम घ्या! सोयादुधाचा चोथा, शेंगदाण्याची पेंड, त्यावर न्यूरोस्पोरा बुरशी. केशरी वडी तयार! आणि आम्ही गोंयकार? बोंडूचा, काजूच्या फळाचा, चोथा डोंगरावर कुजवतो."

बाबल्याने बशी खाली ठेवली. त्याची काजूची भट्टी आहे, आणि आमच्यात हिशेब कळणारा तो एकटाच.

"कुजवतो कोण? कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या जागेत, तुडवून झालं की चोथ्याची नुडी, म्हणजे ढेप, बांधतो, वर धोंडा ठेवतो, थेंब थेंब नीरो, म्हणजे रस, गळतो. उरलेलं गाईपुढे, नाहीतर माडाच्या मुळात. तुला जो कचरा दिसतो मास्तरा, तो माझ्या गाईचा डबा. तुझा कारखाना आला की त्याला भाव लागणार, आणि गाईला पेंड मी विकत आणणार."

"पण प्रथिनं..."

"आणि बोंडू मार्च ते मे. जूनपासून तुझी बुरशी काय खाणार?"

"सुकवून ठेवायचा!"

"ठेव. जुलैत त्याला आपोआप बुरशी धरेल. फक्त तुझी नव्हे."

भाई हसताना भजी गिळायचं विसरले. मग जुनं निघणारच होतं. मास्तरांनी एकदा ढिंगरी अळंबी लावली होती. पेंढा गरम पाण्यात नीट उकळायचा, तर यांनी गॅस वाचवला. न्हाणीघरात टांगलेल्या पिशव्यांवर आठवड्यात हिरवी बुरशी. दोनच पिशव्या फुलल्या, आणि त्या उरलेल्या ढिंगरीच्या बीजाणूंनी मास्तर महिनाभर खोकले. वहिनी माहेरी गेल्या त्या चतुर्थीला परत आल्या.

"त्या वेळी तुम्हीच सगळे खायला आला होतात," मास्तर चिडले.

"खायला नव्हे, तुला दवाखान्यात न्यायला," बाबलो म्हणाला.

मला खरं म्हणजे मास्तरांची थोडी बाजू घ्यायची होती. टाकीतली बुरशी ही ढिंगरीपेक्षा वेगळी गोष्ट; ओल्या ढिंगरीच्या शंभर ग्रॅमात प्रथिनं जेमतेम तीन, बांगड्यात अठराच्या आसपास. पण बाबल्यापुढे कुणाची बाजू घेऊन टिकत नाही.

"हे नवीन काय आहे सांग," तो म्हणाला. "रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी ओलमी, ती रानातली अळंबी, कोण पिकवतं? वाळवी. सुकं लाकूड, पालापाचोळा आत नेते, त्यावर बुरशी वाढवते आणि पोट भरते. कोट्यवधी वर्षं चाललंय. तिला कुणी भांडवल दिलं नाही, तिने कुणाला पीपीटी दाखवली नाही."

"पण ती ओलमी प्रथिनांनी..." मास्तर सुरू झाले, तोच भाईंनी विषय स्वतःकडे ओढला. श्रावण पाळतात ते, महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी. आज घरी ओलम्यांची शागोती, म्हणजे मसालेदार रस्सा, होती, हे सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होते.

मास्तरांना शेवटी पकड मिळाली. "भाई, शास्त्र सांगतो. बुरशी ही वनस्पती नव्हे. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असतं. सुंगटाच्या, म्हणजे कोळंबी मासळीच्या, सालीत असतं, तेच."

पारावर शांतता.

"म्हणजे," बाबलो सावकाश म्हणाला, "भाई श्रावणात सुंगटं खातात?"

मास्तर "तसं नव्हे, तसं नव्हे" म्हणत राहिले, पण भाई उठून रस्त्याकडे तोंड करून फोन लावत होते. "अगो, ती शागोती... नाही, टाकू नकोस. झाकून ठेव. मास्तराला पाठवतो, तो खाईल."