उणे आठ अंशांची द्राक्षं आणि सुपरमार्केटचं कपाट

सुपरमार्केटात वाईन विकू द्यावी की नाही, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून डोकं वर काढतो आणि तो निघाला की आम्हा परदेशस्थांना साक्षीला उभं केलं जातं. "तुमच्याकडे तर किराणा दुकानात मिळते ना गं?" हा प्रश्न मला दोन्ही बाजूंकडून येतो. वाईनच्या बाजूचे विचारतात ते 'बघा, काय बिघडलं तिकडे?' हे ऐकायला. विरोधातले विचारतात ते 'म्हणूनच तिकडे घरं मोडतात' असं म्हणायला. मी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात राहते, नायगारा धबधब्याजवळच्या द्राक्षपट्ट्यात. घराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना वेलीच वेली. त्यामुळे साक्ष द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती कोणत्याच बाजूच्या सोयीची नाही.

27 जानेवारी 2022 ला तेव्हाच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात स्वतंत्र कपाटातून वाईन विकता येईल. शाळा, देवळं यांच्या जवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही. लगेच 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय' अशी ओरड झाली. 'वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचा फायदा आहे' असं उत्तर आलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. मग लोकांच्या सूचना-हरकती मागवल्या गेल्या, पुढे सरकार बदललं आणि विषय बासनात गेला.

आता इकडचं. ऑन्टारियो म्हणजे पहिल्यापासून मोकळाढाकळा प्रांत, असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. इथे दारूबंदी होती. ती उठली 1927 ला, तीही विक्री सरकारच्या ताब्यात ठेवून. त्यानंतर 1962 पर्यंत बाटली घ्यायला माणसाच्या नावाचा परवाना लागायचा आणि काय घेतलं याची नोंद व्हायची. टोरांटोतल्या जंक्शन नावाच्या वस्तीने तर 1904 मध्ये मतदान करून आपल्या हद्दीत दारू बंद केली. रेल्वे आणि कारखान्यांतली माणसं पगार गुत्त्यात घालवत होती, म्हणून. ती बंदी जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत टिकली. आपल्या गावागावांत बायकांनी मतपेटीतून बाटली आडवी केली, ती याच कारणाने. म्हणून त्या बायकांना मागासलेलं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या संस्कृती वगैरे वाचवायला निघालेल्या नव्हत्या, संध्याकाळची चूल वाचवायला निघाल्या होत्या.

किराणा दुकानात वाईन इथे आली ती 2016 मध्ये. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत यायला 2024 चा सप्टेंबर उजाडला, आणि तेव्हाही सार्वजनिक आरोग्यवाल्यांनी नाकं मुरडलीच. म्हणजे ज्या कपाटावरून आपण भांडणाला सुरुवात केली, तिथे पोचायला या लोकांना जवळपास नव्वद वर्षं लागली. मधल्या काळात त्यांनी काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते समजायला एखाद्या वाइनरीच्या टेबलापाशी उभं राहावं लागतं.

चाखण्याचा क्रम ठरलेला असतो, कोरडीकडून गोडीकडे. उलटं केलं तर गोडानंतरची प्रत्येक वाईन आंबट लागते. आधी येते रीसलिंग, त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. फिकट, जवळजवळ पाण्यासारखी, लिंबाच्या सालीच्या वासाची, आणि जिभेच्या कडांना पाणी सुटेल इतकी आंबट. थंड हवेची ही खूण. रात्री गार असल्या की द्राक्षातलं आम्ल जळून जात नाही, साखरही सावकाश चढते, म्हणून अल्कोहोलही बेताचं. मग काबर्ने फ्रांक, हीही द्राक्षाच्याच नावाची, लाल पण हलकी, ढोबळी मिरची चिरल्यासारखा किंचित हिरवा वास असलेली. काहींना तो दोष वाटतो, मला आवडतो. शेजारी थुंकायचं भांडं असतं आणि ते वापरण्यात कुणाला संकोच नसतो. ओतणाऱ्या मुलीने सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेलं असतं. ती गाडी कोण चालवणार हे विचारते आणि त्या माणसाच्या पेल्यात हात आखडता घेते.

शेवटी बोटभर उंचीच्या पेल्यात येते आइसवाईन. सोनेरी, तेलासारखी जड. वासाला जर्दाळू आणि मध. पहिला घोट इतका गोड की साखरेचा पाक प्यायलो की काय असं वाटावं. लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर ही हिच्यात नेहमीची गोष्ट. पण दुसऱ्याच क्षणी खालून आंबटपणा उसळतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. गुळांब्यातून कैरी काढून घेतली तर जे उरेल, तशी ही वाईन त्या आम्लाशिवाय झाली असती.

हिची द्राक्षं सगळ्यांबरोबर तोडत नाहीत. पक्ष्यांपासून वाचवायला जाळी लावून ती वेलीवरच ठेवतात, डिसेंबर-जानेवारीपर्यंत. पारा उणे आठच्या खाली गेला की रात्रीच तोडणी, आणि गोठलेल्या अवस्थेतच दाबणी. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, निघतो तो साखर आणि आम्लाचा अर्क, एरवीच्या रसाच्या पाचवा हिस्सासुद्धा नाही. इथल्या इनिस्किलिन वाइनरीचं 1983 चं पहिलं पीक पक्ष्यांनीच फस्त केलं होतं. 1984 ला जमलं आणि त्यांच्या 1989 सालच्या वाईनला 1991 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या विनएक्स्पो या वाईन प्रदर्शनात सर्वोच्च मान मिळाला.

खरी मेख पुढे आहे. द्राक्षं फ्रीझरमध्ये गोठवली तर त्या वाईनला इथे आइसवाईन म्हणता येत नाही. तोडताना तापमान उणे आठ किंवा खाली, रसाची साखर किमान 35 ब्रिक्स (म्हणजे वजनाने साधारण पस्तीस टक्के), द्राक्षं शंभर टक्के ऑन्टारियोची. हे 1999 च्या कायद्याखाली तपासलं जातं, तेव्हाच बाटलीवर 'व्हीक्यूए' ही दर्जाची खूण असलेली अक्षरं छापता येतात. शेतकऱ्यांचं मंडळ दरवर्षी वाइनऱ्यांशी बसून एकेका वाणाचा दर ठरवतं आणि साखरेच्या प्रमाणावर तो कमीजास्त होतो. सगळं गोड आहे असं नाही. परदेशातून टँकरने आणलेली वाईन थोड्या इथल्या वाईनमध्ये मिसळून स्वस्तात विकायची मुभाही आहे, आणि त्यावर इथले बागायतदार चिडलेले असतात. पण निदान भांडण कशावरून आहे ते बघा, बाटलीत कुणाची द्राक्षं आहेत यावरून.

माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. आइसवाईनची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "तुमच्याकडं थंडीची वाट बघत्यात, आन् आम्ही पारा पाच-सहावर आला की मणी तडकायच्या धाकानं बागंत शेकोट्या पेटवतो." थॉमसन, सोनाका, सगळा खायचा माल. वाईनची द्राक्षं लावा म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. 2008 च्या मंदीनंतर वाइनऱ्यांकडे माल तुंबला आणि त्यांच्या शिवारात लोकांनी वाईनचे वेल उपटून पुन्हा थॉमसन लावली. वाईनची द्राक्षं बाजार समितीत नेऊन विकता येत नाहीत, वाइनरीने हात वर केले की संपलं. खायच्या द्राक्षांतही पैसे बुडवून पळणारा व्यापारी असतोच, पण तिथे निदान दुसरा गाठता येतो.

2022 च्या सगळ्या गदारोळात शेतकऱ्याचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं. पण कपाट वाढल्यावर शेनिन ब्लांक या वाईनच्या द्राक्षाच्या किलोमागे त्याच्या हातात किती पडणार आणि तो दर कोण बांधून देणार, यावर मी तरी एकही चर्चा ऐकली नाही. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे तर मला पटतच नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेलं पेय आहे ते. कॅनडाच्या व्यसनविषयक केंद्राने 2023 मध्ये सांगितलं की धोका कमी ठेवायचा तर आठवड्याला दोन पेले पुरे. हृदयाला चांगली असते वगैरे काकालोकांनी आता सोडून द्यावं. मी चवीसाठी पिते, औषध म्हणून नाही.

म्हणून माझं मत विचारलंत तर सुपरमार्केटची घाई नको. आधी बागेच्या दारातली विक्री आणि चाखण्याची टेबलं वाढवा, जिथे ओतणारा माणूस शिकलेला आहे आणि प्यायचा वेग आपोआप मंद असतो. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे, त्याला तपासणीचे दात द्या. दर बांधून देणारं मंडळ करा. आणि थंड प्रदेशाची नक्कल तर नकोच. नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असताना होते. उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लांकची गोड वाईन तिथे बनते. रीसलिंगचा धारदार आंबटपणा तिच्यात येणार नाही, पण जेवणानंतर छोट्या पेल्यात ती उत्तम लागते. मामा ती चाखणार नाहीत, माळकरी आहेत. दर कोण बांधून देणार, एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.