दोन कोटींत चार सिलिंडर?

इंदूरला कट्टा म्हणायची सोय नाही, इथे कट्टा म्हटलं की माणसाला आधी गावठी पिस्तूल आठवतं, म्हणून आम्ही ओटला म्हणतो. रामबागेत चहाच्या गुमटीला लागून आहे, चार जण नीट बसतात, पाचवा आला की कोणीतरी स्कूटरवर. रविवारी पोहे-जलेबी झाली की अकरापर्यंत आमची संसद तिथेच.

या रविवारी बाळ्याने येतायेताच विषय टाकला. बाळ्या गाड्यांचे इन्शुरन्स करतो, त्याच्या एका मालदार गिऱ्हाइकाला मर्सिडीजची एएमजी सी६३ घ्यायची आहे आणि त्याने बाळ्याकडे काहीतरी सल्ला मागितलाय. जवळपास दोन कोटींची गाडी, आणि बोनेटखाली? दोन लिटरचं चार सिलिंडर.

पिंट्या तर पोहे चावायचाच थांबला. "भिया, दोन कोटी देऊन चार सिलिंडर? आधीच्या सी६३ मध्ये चार लिटरचा व्ही८ होता व्ही८, आठ सिलिंडर! आणि ६३ हा आकडा कुठनं आला माहीत आहे का, ६.२ लिटरच्या व्ही८ वरून, तोपण ह्यांनी वाढवून ६.३ म्हणत खपवलेला, आता दोन लिटरवर ६३ लिहितात म्हणजे ६३ काय, टक्के?"

मी चारच्या बाजूचा, पहिल्यापासून. म्हटलं, आकडे तरी बघ ना. एकट्या इंजिनातून ४७६ पीएस, म्हणजे हॉर्सपॉवरच समज, काढलेत, मागच्या एक्सलवर इलेक्ट्रिक मोटर आहे, सगळं मिळून ६८० पीएस आणि १०२० न्यूटन-मीटर टॉर्क, जुनी व्ही८ वाली सी६३ एस ५१० पीएसची होती. आणि चार सिलिंडर म्हणजे गरिबी हे कोणी सांगितलं तुला, १९८३ साली नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झाला तो बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर चार सिलिंडर टर्बोवर, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणि त्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सांगाडा, तर रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेला. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ चार सिलिंडरचीच. होंडाची एस२००० टर्बोशिवाय ९००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जायची.

पिंट्या म्हणे, "ते सगळं ठीक आहे, पण इंदूरच्या माणसाने हे बोलू नये. आपल्या होळकर महाराजांची डुसेनबर्ग आठव, यशवंतराव दुसऱ्यांची, ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, अर्धी गाडी तर बोनेटच!"

इथे नंदूकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. काका पीथमपुरात इंजिन टेस्टिंगला होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून कुठलीही गाडी गेली की आधी कान वळतो मग मान. म्हणाले, "पिंट्या, ती एसजे होती. एस म्हणजे सुपरचार्जर, त्याच्यामुळे तर कंपनी ३२० हॉर्सपॉवर सांगायची. म्हणजे हवा कोंबून ताकद काढणं पाप असेल तर ते महाराजांच्या गाडीनेपण केलेलं आहे."

मी खूश. पण काका एकाच पार्टीत कधी राहत नाहीत. त्यांनी बोटांनी ओटल्यावर ठेका धरला, टक टक, टक टक. "चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा इंधनाचा भडका होतो. आता व्ही८, फेऱ्यात चारदा," आणि दोन्ही हातांनी तबल्यासारखं सुरू झाले. "तीन हजार आरपीएमला चारवाला सेकंदाला शंभर ठोके देतो, आठवाला दोनशे. तू टर्बो लाव, मोटर लाव, ठोके तेवढेच. कानाला काय मोटर ऐकू येते?"

मग म्हणाले, "आणि थरथर. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात दोन खाली, वाटतं हिशेब फिटला. पण फिटत नाही, कनेक्टिंग रॉड तिरका होतो ना, त्यामुळे वरनं निघालेला पिस्टन पाव फेऱ्यात अर्ध्याहून जास्त अंतर कापून मोकळा होतो आणि खालनं निघालेला मागे राहतो. हा फरक इंजिनाला एका फेऱ्यात दोनदा हलवतो. इंजिन मोठं केलं की थरथर मोठी, म्हणून चार सिलिंडर सहसा दोन-अडीच लिटरच्या पुढे जात नाही, पोर्शने ९६८ मध्ये तीन लिटरचं केलं तर आत ही थरथर मारायला उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट घालावे लागले. ओळीतल्या सहाला ही कटकटच नाही, तो जन्मतःच शांत."

पिंट्याने चेकाळून, "बघा!" म्हणून टाळी मागितली. काकांनी त्याचाच चहाचा ग्लास उचलला, समोर उभ्या त्याच्याच हॅचबॅकच्या बोनेटवर ठेवला आणि म्हणाले, चालू कर. पिंट्याची गाडी तीन सिलिंडरची. चहावर बारीक बारीक गोल उठायला लागले, ग्लास हळूहळू सरकत वायपरकडे निघाला, आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला बाळ्याने झेप घेऊन पकडला, अर्धा चहा बाहीवर. "हा माणूस चार सिलिंडरला नावं ठेवून राहिलाय," बाळ्या म्हणाला. पिंट्या म्हणे माझी साडेसात लाखांची आहे, त्यात हललेलं चालतं. खरं सांगायचं तर हा मुद्दा त्याने चिडून मांडला पण दिवसभरातला सगळ्यात चांगला तोच होता.

कारण मग मला पोर्श आठवली, माझ्या बाजूची गोष्ट म्हणून सांगायला गेलो आणि उलटी पडली. २०१६ ला त्यांनी बॉक्स्टर आणि केमनचं सहा सिलिंडर काढून चारचं टर्बो घातलं, २.७ लिटरच्या जागी २ लिटर, बॉक्स्टरची पॉवर २६५ वरून ३००, टॉर्क २८० वरून ३८०, गाडी वेगवान झाली. आणि लोक? आवाजावरून इतके भांडले की तीनचार वर्षांत महागड्या मॉडेलांत चार लिटरचं सहा सिलिंडर परत आलं, तेही टर्बोशिवाय. चारवाली गाडी तेव्हा बंद नाही झाली, पण ज्याला जास्त पैसे द्यायचेत त्याला पोर्शनेच सहा विकले.

"मग कंपन्या हे करतात कशाला?" बाळ्याचा प्रश्न. मी म्हटलं, युरोपातला धूर आणि कार्बनचा हिशेब आहेच, पण चीनमध्ये इंजिनाच्या साइझवर कर बसतो, दीड ते दोन लिटरवर ५ टक्के, तीन ते चारवर २५, चारच्या वर ४०. यावर बाळ्या उसळला, "पण आपल्याकडे तर सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाडीला सरसकट ४० टक्के जीएसटी, दोन लिटर काय नि चार लिटर काय! म्हणजे चीनच्या कराची शिक्षा माझ्या गिऱ्हाइकाने का भोगायची?" हे मात्र मला सुचलं नव्हतं, कबूल.

तरी मी हटलो नाही. अल्पाइन ए११० घ्या, १.८ लिटर, चार सिलिंडर, वजन ११०० किलोच्या आसपास, त्या गाडीत सहा घातलेत तर गाडीच बिघडेल. सी६३ ची गडबड वेगळी आहे, बॅटरी-मोटरसकट वजन २१०० किलोच्या वर, म्हणजे इंजिन छोटं करून गाडी हलकी झाली असती तर मी झेंडा घेऊन उभा राहिलो असतो, इथे इंजिन छोटं आणि गाडी जड, आणि वरून आवाज स्पीकरमधून फुगवून आत ऐकवायचा.

पिंट्या म्हणे, "मग बुलेटला तर एकच सिलिंडर आहे, तिला का कोणी बोलत नाही?"

"बुलेट लपवत नाही," काका म्हणाले. "एक आहे तर एकच वाजवते." आणि मग माझ्याकडे वळून, "पण ह्या इंजिनाला कमी लेखू नकोस. दोन लिटरातून ४७६ म्हणजे काय हे टेस्ट बेडवर उभं राहिल्याशिवाय नाही कळायचं. आमच्या वेळी एवढ्या दाबाला हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा सील, हात जोडून बाहेर आलं असतं. ते इंजिन एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडतो आणि वर स्वतःच्या सहीची पट्टी लावतो. मी तर तेवढी पट्टी बघायला जाईन."

असं साडेअकरा झाले. बाळ्याने मोबाइल काढला, म्हटलं काय सांगतोयस गिऱ्हाइकाला, नीट मुद्दे लिही, वजन लिही, पोर्शचं लिही. तो स्क्रीन वर सरकवत मूळ मेसेज शोधत होता. सापडला. मोठ्याने वाचला.

"भाऊ, मॅट रंग घेऊ का? धुवायला फार त्रास होतो का?"