रिफर आलंय? मग गाळ्यात जा!

नेबॉश या ब्रिटिश संस्थेच्या सेफ्टी सर्टिफिकेटमधल्या आयजीटूला, म्हणजे रिस्क असेसमेंटच्या प्रॅक्टिकलला, 'रिफर' (म्हणजे नापास, पुन्हा द्या) आलं की आपली पोरं पहिला फोन लावतात क्लासच्या सरांना आणि दुसरा पास झालेल्या मित्राला, "तुझी फाइल पाठव ना यार." ज्या जागेचं रिस्क असेसमेंट केलंय, तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. माझं डोकं फिरतं ते इथे.

या प्रॅक्टिकलमध्ये एक खरी कामाची जागा घ्यायची, किमान पाच प्रकारांतले किमान दहा धोके शोधायचे, कुणाला कशी इजा होईल, अजून काय करायला हवं, कुणी, कधीपर्यंत, ते लिहायचं. त्यातली तीन कामं आधी का करायची हे नैतिक, कायदेशीर आणि आर्थिक बाजूने पटवायचं. निकाल दोनच, पास किंवा रिफर.

ओळखीतल्या एकाने साकीनाक्याचा फॅब्रिकेशनचा गाळा घेतला होता. फाइलमध्ये काय? 'ग्राइंडिंग: इजा होऊ शकते. पीपीई द्यावे. जबाबदारी: मॅनेजमेंट. मुदत: लवकरात लवकर.' (पीपीई म्हणजे गॉगल, हातमोजे वगैरे.) फाइल तपासणाऱ्या असेसरचा शेरा होता, उपाय नेमके नाहीत. पठ्ठ्याने दुरुस्ती केली: 'उत्तम दर्जाचे पीपीई तातडीने द्यावे'!

म्हटलं, बाबा, आधी लॅपटॉप बंद कर आणि गाळ्यात जाऊन नुसता उभा राहा.

गेला. ग्राइंडरचं गार्ड खिळ्याला टांगलेलं, कारण कारागीर मोठी डिस्क लावतात आणि ती गार्डात बसत नाही. ठिणग्या उडतात तिथेच थिनरचा डबा. पोटमाळ्याची शिडी वर कुठेच बांधलेली नाही. हे दिसल्यावर 'पीपीई द्यावे' लिहायला हातच धजत नाही. मोठ्या डिस्का आजच बाहेर, थिनर दुसरीकडे, सुपरवायझरने रोज काम सुरू व्हायच्या आधी गार्ड तपासायचं. गॉगल लागतोच, पण तो यादीत शेवटी. कायद्याच्या बाजूलाही 'बंधनकारक आहे' एवढ्यावर भागत नाही. आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, १९८१ चं १५५ क्रमांकाचं कन्व्हेन्शन आहे, त्याचं कलम १६ यंत्रं आणि जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी थेट मालकावर टाकतं. ते या ग्राइंडरशी जोडून लिही, म्हटलं.

गल्फच्या नोकरीची घाई असते, फी पुन्हा भरावी लागते, सगळं मान्य. पण क्लासवाल्यांनो, तुम्ही वाटता त्या नमुना फाइलींमध्ये गोदाम कुठलंही असो, फोर्कलिफ्ट तीच आणि घसरून पडणारा माणूसही तोच. असेसरला हे कळत नसेल असं खरंच वाटतं? आणि कॉपी सापडली तर पोराचं प्रकरण रिफरवर थांबत नाही.

मला इनबॉक्समध्ये फाइली पाठवू नका. गाळ्याचे फोटो पाठवा, तेही शेठना विचारून.