‘मॉझर’वाल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला बंदुकांच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला, खालचे फोटोही बघितले. तुमचं म्हणणं असं: रायफल तीन आठवडे अडकवून ठेवली, फोन उचलला नाही, वर ५०० रुपये घेऊन आजोबांच्या जर्मन मॉझरला ‘मिलिटरीनं मोडीत काढलेली’ ठरवलं, आणि हे सगळं ती स्वस्तात लाटायला केलं.

पहिल्या दोन गोष्टींत चूक माझी. निवडणूक लागली की अख्ख्या तालुक्याच्या बंदुका आमच्याकडं जमा व्हायला येतात. वही, शिक्का, पावती यातच दिवस जातो आणि तपासणीचं काम मागं पडतं. पण ते तुम्हाला फोन करून सांगायला कोण अडवत होतं? कोणी नाही. खानापूरहून दोनदा हेलपाटा घातलात, त्याबद्दल माफी मागतो.

‘मोडीत काढलेली’ हा शब्द मात्र माझा नाही. ‘लष्करानं विकलेली’ म्हणालो होतो, आणि तसं मारलेलं आहे हो त्या लोखंडावर.

तुमच्या आजोबांनी मराठा रेजिमेंटमधून इटलीत लढाई केली, ती गोष्ट मी माझ्या वडिलांच्या तोंडूनही ऐकली आहे. त्यावर शंका नाही. पण रायफल तिथून आणली हे जुळत नाही. पहिल्या दिवशी काउंटरवर बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) मागंपुढं केला तेव्हाच कळलं. तुम्हीही घरी करून बघा, मात्र आधी मॅगझिन काढा आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री करा. बोल्ट पुढं ढकलताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंगचा जोर लागतो. म्हणजे तो बंद होताना कॉक होतो, घोड्याची स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. ही इंग्रजी फौजेच्या ली-एनफील्ड रायफलीची चाल. जर्मन ९८ मॉझरचा बोल्ट उघडताना कॉक होतो, त्या बोल्टला अडकवून धरणारे मुख्य खिळे (लग) पुढच्या टोकाला असतात आणि पाच गोळ्यांचं मॅगझिन लाकडाच्या आतच मावतं. तुमच्या रायफलीचं मॅगझिन चापाच्या पुढं खाली लोंबतंय, फोटोत दिसतंय की. आपल्याकडं बोल्टची कुठलीही रायफल आली की लोक तिला मॉझर म्हणतात. परवान्यावर लिहिणाऱ्या कारकुनानंही ऐकलं तेच लिहिलं असणार.

आता त्या ‘८ एमएम’बद्दल. ते बघून तुम्ही जर्मनी धरलीत. तुमच्या रायफलीच्या बोअरला, म्हणजे .३१५ ला, आपण ८ एमएम म्हणतो हे खरं, पण त्या काडतुसाचं मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखरचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. जर्मन मॉझरच्या काडतुसाला अशी कड नसते. तुम्ही डबीतनं आणलेलं काडतूस कडेचंच होतं. म्हणून सांगतो, ‘८ एमएम म्हणजे ८ एमएम’ असं समजून जर्मन काडतूस त्यात घालायचा प्रयत्न कोणी करू नये. मागं बसलेल्याच्या तोंडावर बेतेल.

मग इंग्रजी लष्करी रायफलीला ऑस्ट्रियन काडतूस कुठून आलं? इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .३०३ हा फौजेचा बोअर खाजगी माणसाला बंद केला होता, फौजेतली काडतुसं चोरून बाहेर चालू नयेत म्हणून. त्यामुळं ली-एनफील्डच्याच घडणीवर वेगळ्या बोअरच्या रायफली इथल्या गिऱ्हाइकासाठी निघाल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानंही .३१५ त्याच घडणीवर केली.

तेव्हा तुमची रायफल मुळात शिकारीसाठीच झालेली, की लष्करातली बदललेली, हा खरा प्रश्न होता. वेळ त्यातच गेला. बट जिथं बसतो त्या लोखंडी कड्याची उजवी बाजू कोणीतरी पूर्वी पॉलिश पेपरनं घासून वरून ब्लूइंग केलंय. समोरून बघितलं तर गुळगुळीत. दुकानातला दिवा घालवला, टॉर्च आडवा धरला, थोडा खडू चोळून पुसला, तेव्हा खळग्यांत पांढरं राहिलं: राजमुकुट, खाली जी. आर. (राजा जॉर्ज), मग बी. एस. ए. कंपनी (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), १९१७, आणि शेवटी शॉर्ट एल. ई. (ली-एनफील्ड) रोमन तीन, पुढं चांदणी. बी. एस. ए. हे नाव एकटं काही ठरवत नाही, कारण ती कंपनी फौजेलाही द्यायची आणि बाजारातही विकायची. पण बाजारात विकलेल्याच्या कड्यावर हा राजमुकुट नसायचा. तुमच्यावर मुकुट आहे. शिवाय टोकाला टोक भिडवलेले दोन बाण आहेत. तो सरकारी साठ्यातून विकल्याचा शिक्का.

नळीची कथा वेगळी. तिच्यावर रायफलीचा लष्करी नंबर नाही, म्हणजे ती मागाहून बसवलेली. नुसतं चेंबर बदलून .३०३ ची .३१५ होत नाही बघा. एकीची गोळी साधारण ७.९ मिलिमीटर, दुसरीची ८.२. नळी तरी नव्यानं कोरावी लागते, नाहीतर दुसरी बसवावी लागते. मी चेंबरचा साचा घेऊन मोजला, .३१५ बरोबर आहे. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (जिथं नळीची ताकद तपासून शिक्का मारतात) मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. आणि एन. पी. असे शिक्के आहेत. शिक्क्यांची ही पद्धत १९५४ मध्ये बदलली. तुमच्या परवान्यावरची पहिली नोंद १९५१ ची. म्हणजे १९१७ ची फौजी रायफल, लष्करानं विकलेली, बर्मिंगहॅमला नवी नळी आणि प्रूफ होऊन इकडं आलेली. नळीवर ज्या गनमेकरचं नाव आहे त्यानं ती नळी बसवून रायफल विकली असेल, घडवली नाही.

नुसत्या कड्यावर विसंबणाराही फसतो. ईशापूरला .३०३ च्या नळ्या आतून गुळगुळीत करून पोलिसांसाठी .४१० च्या एकबारी मस्केट केल्या, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. कड्यावर मात्र जुनंच साल. म्हणून मी चिठ्ठीत कडं आणि नळी वेगवेगळी लिहून दिली. .३०३ हा आजही मनाई असलेला बोअर. कोणी घाईत कडं बघून परवान्यावर ‘.३०३’ लिहिलं तर तुमचे हेलपाटे खानापूर ते बेळगाव एवढ्यावर थांबणार नाहीत. ‘मॉझर’ दुरुस्त करायचं असेल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज द्या, माझी चिठ्ठी जोडा.

भावाचं म्हणाल तर मी आकडा सांगितलाच नव्हता. ‘घेणार काय?’ असं तुम्ही विचारलंत आणि मी नको म्हणालो, तेव्हा तुमचे मेहुणे शेजारीच उभे होते. ५०० रुपये तपासणीचे आहेत, ते परत देणार नाही. उशीर झाल्याबद्दल एक सर्व्हिसिंग माझ्याकडून.

आणि फोटोत रायफलीचा नंबर स्पष्ट दिसतोय, तो आधी झाका. रिव्ह्यू राहू दे. कड्यावरचं साल स्वतः बघायचं असेल तर अंधार पडल्यावर सातच्या सुमारास परवाना घेऊन या, टॉर्च तुमच्याच हातात देतो. रविवारी दुकान बंद असतं.