‘आपोआप’ हा शब्द मी मागे घेते

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण ती मला लागली होती. काल पुन्हा शांतपणे वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माणूस आतून शांत झाला की समाज आपोआप न्यायी होतो आणि निसर्गाशी नातंही आपोआप जुळतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे पोट भरलेल्यांचं अध्यात्म आहे. तुमच्या ऑफिसात माणसं कमी केली, काम वाढवलं, ओव्हरटाइमचे पैसे थकवले आणि विचारायला गेलेल्यांना ध्यानाच्या वर्गाला बसवलं. झाडं कायद्याने वाचतात, ध्यानाने नाही, नैराश्याला उपचार लागतात आणि अध्यात्म ही माणसाला गुंगीत ठेवणारी भूल आहे, असंही तुमचं म्हणणं. आणि शेवटी प्रश्न: ‘त्या वर्गात डोळे मिटून बसलेल्या मला तुमचं अध्यात्म नेमकं काय देणार होतं?’

‘आपोआप’ हा शब्द चुकलाच. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला धर्मग्रंथाचा आधार काढून देणारी चर्च होती आणि तिथली माणसं प्रार्थना काही खोटी करत नसणार. वर्णभेद हे पाप आणि त्याचं धार्मिक समर्थन हे पाखंड, असं रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेतल्या चर्चच्या जागतिक संघटनेने कॅनडातल्या ओटावाच्या सभेत जाहीर केलं ते १९८२ मध्ये. वर्णभेदाचं धोरण राबवणारं सरकार येऊन तोवर चौतीस वर्षं उलटली होती. जॉन वेलवूड हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्वतः बौद्ध साधक होते. मनातल्या जखमांना सामोरं जायचं टाळून साधनेच्या आड लपण्याच्या सवयीला त्यांनी १९८४ मध्ये एक नावच देऊन टाकलं. म्हणजे तुमचा आक्षेप साधकांनीही घेतलेला आहे. नैराश्याला उपचार लागतात, तिथे कुणाला नुसतं ध्यान सांगत बसू नये, हेही तुमचं मान्य.

पण अध्यात्म ही भूल आहे, हे तुमचं वाक्य मला मान्य नाही.

२७ जानेवारी १९५६ची रात्र. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराला जेमतेम दोन महिने होत आले होते. त्याचं नेतृत्व करणारे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग सत्तावीस वर्षांचे, घरात बायको आणि दोन महिन्यांची मुलगी. मध्यरात्री जिवे मारण्याच्या धमकीचा फोन आला. झोप उडाली. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि कप समोर ठेवून बसून राहिले. भ्याड न ठरता यातून अंग कसं काढून घेता येईल, याचा विचार चालला होता. ही कबुली त्यांनी नंतर स्वतःच दिली आहे. मग टेबलावर डोकं टेकवून ते मोठ्याने बोलले, की मी दमलोय, माझं धैर्य संपत चाललंय. त्यानंतर आतून आधार मिळाल्याचं त्यांनी सांगितलं.

तीन दिवसांनी घरावर बॉम्ब पडलाच. प्रार्थनेने तो अडवला नाही. बायको आणि मुलगी वाचल्या. बाहेर जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती, आणि ओट्यावर उभं राहून किंग यांनी त्यांना घरी जायला सांगितलं. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधली जागा मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे, हे खरंच. पण निकाल लागेपर्यंत रोज पायी कामावर जायला, गाड्या वाटून घ्यायला माणसं लागतात, आणि त्या माणसांनी कच खायची नसते. त्यांना ते बळ कुठून येत होतं, ते चर्चमध्ये रात्री भरणाऱ्या त्यांच्या सभांत दिसतं.

त्याच किंग यांना १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढून धीर धरण्याचा सल्ला दिला. किंग यांनी तुरुंगातून उत्तर लिहिलं. देव एकच आणि धर्मगुरू दोन्हीकडे! म्हणून आता मी कुठल्याही उपदेशाबद्दल आधी एवढंच बघते: शांत राहा, हे कोण कुणाला सांगतंय? तुमच्या ऑफिसात ज्यांनी पैसे थकवले, ते त्या वर्गाला बसले होते का?

आता झाडांचं. केनियाच्या वंगारी मथाई लहान असताना आईने त्यांना बजावलं होतं की घराजवळच्या त्या रानउंबराची काटकी सरपणाला आणायची नाही, ते देवाचं झाड आहे. झाडापाशी एक झरा होता. पोर पाण्यात खेळायची, बेडकांच्या अंड्यांच्या माळा गळ्यात घालायला उचलायची आणि त्या हातातच तुटून जायच्या. पुढे त्या शिकून आल्या तेव्हा जमीन दुसऱ्याकडे गेली होती. चहा लावायला नव्या मालकाने झाड तोडलं होतं, आणि झरा आटला होता. त्या झाडाची खोल मुळं खडकातून भूजलापर्यंत जातात आणि पाण्याला वर यायला वाट करून देतात, हे त्यांना तोवर कळलेलं होतं. आईला मुळांचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिच्या श्रद्धेने झरा राखला होता. मथाईंनी १९७७ मध्ये बायकांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली. सरकारशी भांडल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. २००४ साली नोबेल मिळालं तोवर झाडांची संख्या तीन कोटींवर गेली होती.

कायदा हवाच, पण कायदा करावासा वाटायला आधी काय लागतं? न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. ‘मी नदी आहे आणि नदी मी’ असं मानणारे तिथले माओरी लोक त्यासाठी शंभरहून अधिक वर्षं झगडत होते. ती श्रद्धा तिथे कायद्याच्या कलमात उतरली आहे.

राहता राहिला तुमचा प्रश्न. मी रोज पहाटे अर्धा तास बसते. बहुतेक दिवशी शांत वगैरे काही वाटत नाही. एकदा अशीच बसले असताना वडिलांना सांभाळायला येणाऱ्या बाई डोळ्यांसमोर आल्या. सुट्टी हवी होती त्यांना. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत मी दोन महिने काढले होते. विसरले नव्हते, तिकडे बघायचं टाळत होते. त्या अर्ध्या तासात टाळता येईना. उठले आणि आधी त्यांना भरपगारी सुट्टी दिली.

मला अध्यात्म म्हणायचंय ते हे, न बघितलेलं बघायला लावणारं. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत, ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथातला जॉन वूलमन विशीत दुकानात कारकुनी करत होता. मालकाने एका गुलाम बाईचं विक्रीपत्र लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, पण हे आपल्या धर्माला धरून नाही, असं मालक आणि गिऱ्हाईक दोघांसमोर बोलला. लिहिलेला तो कागद त्याला आयुष्यभर टोचत राहिला. पुढे तो गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथातल्या लोकांच्या घरोघरी गेला, आणि मुक्काम केला तर सेवा करणाऱ्या गुलामांच्या हातावर मोबदला ठेवून निघाला. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये. वूलमन चार वर्षं आधीच वारला होता.

त्या वर्गात तुम्हाला काही मिळणार नव्हतं, कारण तिथे तुम्हाला डोळे मिटायला सांगितले होते ते ऑफिसात चाललेला अन्याय नेमका दिसू नये म्हणून. तुमचा संताप जागेवर आहे, तो घालवू नका. थकलेल्या पैशांचा अर्ज लेखी द्या, तारखा आणि तास लिहून, आणि जमलं तर एकट्याने न देता चौघांनी मिळून द्या.

मागच्या लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं, असं खाली नोंदवलं आहे. अर्जाचं काय झालं, ते जरूर कळवा.