घोड्याचे हाड जुळते

“घोड्याचे हाड जुळतच नाही, म्हणून पाय मोडला की त्याला मारतात, बार्बारो या शर्यतीच्या घोड्यावर आठ महिने केलेले उपचारही वाया गेले, या संशोधनात आयुष्य घालवणारे पशुवैद्य केवळ श्रीमंतांच्या शर्यतींसाठी राबतात,” अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. बार्बारो वाचला नाही, एवढेच त्यात खरे आहे.

घोड्याचे हाड जुळते. अडचण आहे ती हाड जुळेपर्यंत घोडा उभा ठेवण्याची. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा हा प्राणी आठवडेच्या आठवडे आडवा राहू शकत नाही, आणि दुखरा पाय टेकवेनासा झाला की सारा भार शेजारच्या धडधाकट पायावर येतो. तो पाय उचलला-टेकवला जात नसल्यामुळे खुरातले रक्ताभिसरण मंदावते, खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुटू लागतात आणि लॅमिनायटिस हा अतिशय वेदनादायक विकार जडतो. हाडाचा चुरा होऊन जखम उघडी पडली असेल, तर घोड्याला वेदनामुक्त मरण देणेच योग्य ठरते. पण प्रत्येक अस्थिभंग तसा नसतो. पर्सनल एन्साइन या घोडीचा मागचा पाय 1986 मध्ये मोडला, त्यात पाच स्क्रू बसवले गेले आणि तीच घोडी 1988 मध्ये ब्रीडर्स कप डिस्टाफ ही शर्यत जिंकून, तेरापैकी तेरा शर्यतींचा विक्रम करून निवृत्त झाली.

शर्यतींच्या पैशावर हे शास्त्र वाढले, हे मान्य. मात्र कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्य वेन मॅकिलरेथ यांनी घोड्यांच्या सांध्यांवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आणि कूर्चेच्या (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या मऊ थराच्या) अभ्यासाला सारी कारकीर्द वाहिली, आणि घोड्याच्या मागच्या पायातल्या गुडघ्याची कूर्चा जाडीने माणसाच्या कूर्चेच्या जवळपास असल्यामुळे माणसांसाठीचे कूर्चा-उपचारही घोड्यांवर पारखले जातात.

राहिला बार्बारो. 20 मे 2006 रोजी अमेरिकेतील प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयात शल्यचिकित्सक डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि 27 स्क्रू घालून तो सांधला. भूल उतरताना घोडा धडपडतो आणि सांधलेले हाड पुन्हा मोडू शकते. म्हणून त्याला चारही पायांना रबरी बाह्या असलेल्या तराफ्यात घालून कोमट पाण्याच्या हौदात तरंगत ठेवले गेले. मोडलेला पाय बऱ्याच अंशी जुळला. जुलैमध्ये लॅमिनायटिस झाला तो डाव्या, न मोडलेल्या पायाला. पुढे तो पुढच्या पायांतही उतरला आणि 29 जानेवारी 2007 रोजी त्याला शांतपणे निरोप द्यावा लागला. म्हणजे सांधलेल्या हाडाने दगा दिला नव्हता. लॅमिनायटिसवर खात्रीचा उपाय हाती नव्हता. ज्यांचा घोडा गेला त्या जॅक्सन दांपत्याला तरी ते उपचार वाया गेले असे वाटले नाही: त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच घोड्यांच्या रोगांवरील संशोधनासाठी रिचर्डसन यांच्याच नावाने अध्यासन स्थापण्यास देणगी दिली.